चौथं पद

काजूच्या बागेत अख्खं नानेरण गाव मुक्कामाला होतं आणि त्या अख्ख्या गावात निमिषा घाडीला चहा विचारणारं एकही माणूस नव्हतं. सख्ख्या भावजयीनं किटली तिच्या समोरून नेली आणि पलीकडच्या राहुटीत रिकामी केली. निमिषानं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पाटबंधारे खात्यात सहायक अभियंता झाल्यापासून आणि त्यातही आपल्याच गावच्या धरणावर नेमणूक झाल्यापासून, ही विद्या तिला चांगली साधली होती.

गावपळण म्हणजे काय ते घाटावरच्यांना सांगावं लागेल. चार-पाच वर्षांनी एकदा देव गांगोचा कौल होतो. मग सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट घरांना कड्या घालून शिवेबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, माणसाचा डोळा पडत नाही. तेवढे दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी सकाळी शिवेवरच्या पाषाणाला तांदूळ लावून पुन्हा कौल घ्यायचा, आणि उजव्या बाजूचे तांदूळ पडून देवानं उजवा दिला की परत फिरायचं. पाहुण्यांना ही मजा वाटते. राहुट्या, भजनं, कोंबडीचा रस्सा, पत्ते. मजा असतेच, पण तिच्या बुडाशी भय असतं, आणि सरकारी कायद्याहून कडक नियम असतात. चुकून कोणाचा पाय शिवेआत पडला तर नारळ ठेवून सुटका होते. पण कोणी चोरून आत गेलं आणि परत येऊन मूग गिळून गावात मिसळलं, तर पळण बाटते. मग सगळ्यांनी पुन्हा तीन दिवस बाहेर काढायचे. असं झालेलं कोणाच्या आठवणीत नव्हतं, कारण पाळत ठेवायचं काम घाडी घराण्याकडे होतं. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा आणि कौल घ्यायचा मानही त्यांचाच. निमिषाचे वडील गेल्यावर तो मान तिच्या थोरल्या भावाकडे, दिगंबरकडे आला होता.

आणि या दिगंबरनंच पळणीच्या आदल्या दिवशी हुकूम सोडला होता, "सगळ्यांचे डोळे मिटतले. तुझो त्या धरणावरचो डोळो पण मिटूक व्हयो."

हा डोळा म्हणजे सांधकाचा संवेदक. गेल्या काही वर्षांत राज्यातल्या लहानमोठ्या प्रत्येक धरणावर सांधक बसला होता. मातीच्या धरणातून पाणी थोडंफार झिरपतंच. ते पायथ्याशी एका खाचेतून वाहू द्यायचं, संवेदक ते मोजणार, आकडे जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जाणार. मध्ये वीज गेली, माकडानं वायर ओढली, की आकड्यांच्या माळेतले काही मणी गळतात. सांधक उरलेल्या मण्यांवरून माळेचा नियम शोधतो आणि गळालेले मणी स्वतःच घालून माळ पुरी करून देतो. हुशार यंत्र, वादच नाही. सुरुवातीला पडद्यावर मोजलेले आकडे काळे दिसत आणि भरलेले निळे. मग कोणा साहेबाच्या डोळ्यांना दोन रंगांचा त्रास झाला आणि सगळेच काळे झाले. त्यानंतर धरणावरचे चौकीदारही गेले. खाच बघायला माणूस कशाला, न बघता सांगणारं यंत्र असताना?

म्हणून तर दिगंबरच्या मागणीला खात्यानं आनंदानं मान डोलावली. निमिषानं विरोध केला होता. झिरपा नुकताच वाढायला लागला होता, अशा वेळी डोळा मिटू नये असं तिचं म्हणणं. कार्यकारी अभियंता हुलसूरकर हसले होते. "तीन दिवसांचे तर आकडे. सांधक भरून काढेल. गावकऱ्यांशी कशाला वैर घेता?"

गावकऱ्यांशी वैर आधीच होतं, ती गोष्ट वेगळी. दोन पावसाळ्यांपूर्वी याच सांधकानं लाल इशारा दिला होता. भर लग्नातून, भर पावसात गाव उठवलं गेलं. वऱ्हाड चिखलात, पंगत पाण्यात, आणि धरणाला काहीच झालं नाही. ते लग्न बाबल परबाच्या मुलीचं होतं आणि भोंगा वाजवणारी निमिषा होती. त्या फजितीनंतर खात्यानं सांधकाला शिकवलं, की साधा नियम बसत असेल तर अवघड नियमाच्या वाटेला जाऊ नकोस.

आता चौथा दिवस उजाडला होता. बोचकी बांधून झाली होती. निमिषा तोंड धुवायला ओढ्यावर गेली. हा ओढा धरणाखालून निघून गावातून वाहत शिवेबाहेर येतो. तिनं ओंजळ भरली आणि तशीच धरून ठेवली. पाणी तांबूस होतं. पाऊस संपून महिना झाला होता, आणि पाणी तांबूस होतं.

झिरपणारं पाणी स्वच्छ असेपर्यंत भ्यायचं कारण नसतं. गढूळ आलं म्हणजे ते आतली माती खात येतंय. जितकी माती जाते तितकी वाट रुंद होते, आणि जितकी वाट रुंद तितकी माती जास्त जाते. धरण वरून अगदी शहाण्यासारखं उभं असतं आणि आतून पोखरत जातं. निमिषानं तिथूनच हुलसूरकरांना फोन लावला.

"साहेब, ओढ्याला गढूळ पाणी आहे."

"गुरं उतरली असतील वर कुठे."

"गुरं सगळी इथे आहेत, साहेब. गाव रिकामं आहे."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. "हे बघा, पडदा माझ्यासमोर आहे. पळणीआधीचे तीन दिवस नेहमीपेक्षा जादा झिरपा सेकंदाला एक, दोन, चार लिटर. पुढे सात, अकरा, सोळा. आज बावीस. धोक्याची रेषा चाळीसला. आपल्या हातात अजून दोन दिवस आहेत. उद्या दुरुस्तीची तुकडी पाठवतो."

"सात, अकरा, सोळा कोणी मोजलेत?"

"पडद्यावर आहेत ना?"

"डोळा बंद होता, साहेब! ते सांधकानं भरलेत."

"मग? नियम बसतोय. वाढ एक, दोन, तीन, चार. किती सरळ आहे."

सरळ होतं खरं. इथे गणिताचं थोडं बोलायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण एका आकड्यावरून झालं. एक भाकरी घ्या. न कापता एक तुकडा. सुरीचा एक सरळ वार, दोन तुकडे. दुसरा वार पहिल्याला छेदून केला की चार. तिसऱ्या वारानं जास्तीत जास्त सात होतात, आठ होत नाहीत. खोटं वाटत असेल त्यानं घरी भाकरी कापून पाहावी. मग अकरा, मग सोळा, मग बावीस. प्रत्येक वेळची वाढ आधीच्या वाढीपेक्षा एकानं मोठी, म्हणजे वाढीतली वाढ कायम एक. ही द्विघाती क्रमिका. आता भाकरीच्या जागी गुळाची ढेप घ्या. एक, दोन, चार इथपर्यंत तेच. पण ढेपेला जाडी असते. तिसरा वार आडवा घालता येतो आणि तुकडे होतात आठ. पुढे पंधरा, सव्वीस, बेचाळीस. इथे वाढीतली वाढही दर वेळी वाढत जाते आणि आणखी एक पायरी खाली उतरावं तेव्हा कुठे कायमचा एक हाती लागतो. ही त्रिघाती.

पहिली तीन पदं दोन्हींची एकच. एक, दोन, चार एवढ्यावरून समोर भाकरी आहे की ढेप, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ते सांगतं चौथं पद. सात आलं तर भाकरी, आठ आलं तर ढेप. सांधकाला साध्या नियमाची सक्त ताकीद होती, त्यानं भाकरी धरली. आणि ढेप असेल तर आज सातवा दिवस. आज बेचाळीस. आज धरण जाणार.

"साहेब, माती खाणारं पाणी भाकरीसारखं वागत नाही," निमिषा म्हणाली. हुलसूरकरांना त्यातलं काही कळलं नाही हे तिच्या लक्षात आलं. "म्हणजे, त्रिघाती नियमही तितकाच बसतो. निदान आज गाव आत जाऊ देऊ नका. ड्रोन पाठवा."

"पळणीच्या हद्दीत ड्रोनला बंदी आहे. आणि गेल्या वेळची पंगत विसरलात? तुमच्या भोंग्यापायी मी विधानसभेतल्या प्रश्नाला उत्तरं लिहीत बसलो होतो. मला मोजलेला आकडा द्या. या तीन दिवसांतला एक जरी मोजलेला आकडा असेल तर सांधक नियम बदलेल. तुमच्या पोटातल्या गोळ्यावर नाही बदलणार." फोन बंद झाला.

धरणाकडे जायची वाट गावातून, आणि गाव ओलांडल्यावर ओढ्याच्या कडेनं पायी. जाऊन यायला दोन तास. शिवेकडून ढोलाची पहिली थाप ऐकू आली. कौलाला सुरुवात झाली होती. ती धावत सुटली.

पाषाणापुढे सगळं गाव दाटलं होतं. दिगंबर उघड्या अंगानं बसून ओले तांदूळ पाषाणाला लावत होता. मागे गुरांची दावी सोडलेली, बायांच्या डोक्यावर बोचकी. निमिषा गर्दीतून वाट काढत पुढे आली.

"दादा, कौल थांबव. धरणातसून गढूळ पाणी येता. आज कोणी आत जावचा नाय."

"इला!" बाबल परब कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "माझ्या चेडवाच्या लग्नात पण असाच धावत इललंस. आज कोणाचा लगीन मोडूचा आसा?"

"बाबलकाका, आज खराच..."

"तुझा यंत्र काय म्हणता? तां सांग."

निमिषाला खोटं बोलायची सवय नव्हती. "यंत्र म्हणता दोन दिस आसत."

बाबल गावाकडे वळून मोठ्यानं हसला. "म्हणजे तिचो देव पण जावा म्हणता, आमचो देव पण जावा म्हणतलो. मग ही कोण मधी?"

हशा पिकला. दिगंबरनं मान वर केली नाही. "निमू, बाजूक हो. पाषाणापुढे उभी रवा नको. बापाशीच्या मानाची तरी लाज ठेव."

तिला भयंकर राग आला. या हसणाऱ्या तोंडांचा, त्या काळ्या आकड्यांचा, मान वर न करणाऱ्या भावाचा. एकाला देव हवा आणि दुसऱ्याला आकडा. डोळ्यांनी पाहिलेलं गढूळ पाणी दोघांनाही नको. आणि मग त्या रागातच तिला दिसलं, की दोघांनाही जे हवं आहे ते एकाच वाक्यात देता येईल. ते वाक्य किती महागात पडणार हेही तिला त्याच क्षणी दिसलं. आईनं तिच्या बारशाला याच पाषाणापुढे ओटी भरली होती. या गावाखेरीज तिला दुसरं गाव नव्हतं.

"मी पळण मोडलंय," ती म्हणाली.

ढोल थांबला.

"पयल्या दिवशी सांजेक मी आत गेललंय. धरणापाशी. खाचेतला पाणी मोजलंय आणि परत येवन तुमच्यात बसलंय. कोणाक सांगलंय नाय."

दिगंबरनं आता मान वर केली. "खयच्या वाटेन गेलंस?"

"खालच्या पाणंदीन."

तो तिच्याकडे पाहत राहिला. एवढा वेळ पाहत राहिला, की तिला वाटलं हा आता उठून मुस्काटात मारणार. मग त्यानं पाषाणावरचे तांदूळ तळहातानं पुसून टाकले आणि उभा राहिला.

"पळण बाटली. कोणी शिवेआत पाय घालूचो नाय. परत तीन दिस."

पुढे जे झालं ते वर्णन करण्यासारखं नाही. गुरं पुन्हा बांधताना माणसं तिला शिव्या घालत होती आणि शिव्या घालताना गुरांना मारत होती. शेणाचा एक गोळा तिच्या खांद्यावर येऊन फुटला. भावजय पुढे आली, थुंकली आणि म्हणाली, "घरात घेतलंय तुका, तेचा ह्या फळ." निमिषानं खांदा पुसला, काजूच्या झाडाआड गेली आणि फोन लावला.

"साहेब, मोजलेला आकडा आहे. चौथ्या दिवसाचा. मी स्वतः जाऊन मोजला होता."

"काय? मग मघाशी का बोलला नाहीत?"

"पळणीत आत गेले होते. भीती वाटली."

हे मात्र हुलसूरकरांना लगेच पटलं. माणूस भितो, यावर त्यांचा गाढ विश्वास होता. "किती?"

सात म्हणावं तर नानेरण वाचलं असतं, ते शिवेबाहेरच होतं, पण धरणाखालच्या दुसऱ्या गावांत भोंगा वाजला नसता. निमिषानं डोळे मिटले. "आठ."

कळांचा आवाज. मग हुलसूरकरांच्या तोंडून एक शिवी ऐकू आली. सात, अकरा, सोळा पुसले गेले होते. आठ, पंधरा, सव्वीस, आज बेचाळीस. पडदा लाल झाला होता. सांधकानं स्वतःच धरणाचे दरवाजे उघडले, खालच्या गावांचे भोंगे वाजवले, रस्ते बंद केले. एका खोट्या आकड्यावर एवढं मोठं यंत्र इमानदारीनं धावत सुटलं.

जेवणं व्हायच्या सुमाराला वरच्या अंगाला गडगडल्यासारखं झालं. काजूची बाग होती त्या टेकडीवरून सगळं दिसत होतं. तांबडं पाणी खोऱ्यातून उतरलं आणि खालची आवाठ, म्हणजे ओढ्याकाठची वस्ती, त्याखाली गेली. कौलारू छपरं आधी तरंगली, मग फुटली. माड मुळासकट आडवे झाले. बाबल परबाचं नवं घर उभं होतं, आणि मग नव्हतं. बायांनी आकांत मांडला. कोणीतरी माणसं मोजली, कोणीतरी गुरं मोजली. सगळी होती. एक वासरूसुद्धा गेलं नव्हतं.

निमिषा खाली बसली आणि तिला रडू कोसळलं. ते सुटकेचं होतं. तिला वाटलं, आता तरी कळेल. डोळे पुसून तिनं वर पाहिलं तेव्हा सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं.

"बघलंस?" बाबल परब म्हणाला. "देवाची शीव मोडलंस. देवान धरण फोडल्यान. तरी तेची दया बघ, आमका बाहेर ठेवन मगे फोडल्यान."

आणि हा नियम इतका चपखल बसत होता, की त्यात बोट घालायला जागा नव्हती. गुन्हा आधी, मग कबुली, शिक्षा नंतर. कबुली आणि शिक्षेत चार तासांचं अंतर. यापेक्षा साधा नियम कोणाला सुचणार?

वाळीत टाकणं हा आता गुन्हा आहे, त्यामुळे तिला कोणी वाळीत टाकलं नाही. फक्त तिच्याशी कोणी बोललं नाही. तिच्या राहुटीजवळच्या राहुट्या उठून दुसरीकडे गेल्या. बागेतल्या विहिरीवर ती गेली की बाया भरलेल्या कळश्या ओतून देत.

दुसऱ्या दिवशी हुलसूरकर आले. गाडीतून उतरले ते हसतच. बातम्यांत सकाळपासून सांधकाचं कौतुक चाललं होतं. यंत्रानं धरण फुटण्याआधी इशारा दिला, प्राणहानी शून्य.

"तुमचंही नाव सुचवलंय मी," ते म्हणाले. "आणि आणखी एक. तुमचा आठ आता सांधकाच्या शिकवणीत घातलाय. कोकणातल्या कुठल्याही मातीच्या धरणावर एक, दोन, चार दिसलं की यापुढे तो आठ धरणार. नानेरण नियम म्हणतात त्याला."

निमिषा कालपासून कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. घसा साफ करून ती म्हणाली, "साहेब, तो आकडा मी मोजला नव्हता."

"म्हणजे?"

"मी आत गेलेच नव्हते. आठ मी मनानं सांगितला."

हुलसूरकरांनी आजूबाजूला पाहिलं. ऐकायला कोणी नव्हतं, तिच्या आसपास कोणी फिरकतच नव्हतं. "तुम्ही दमला आहात."

"नाही, साहेब. चौथ्या दिवशी सात असतील, नऊ असतील, शंभर असतील. पाणी क्रमिका पाठ करून येत नाही. एका खोट्या आकड्यावर तुम्ही सगळ्या कोकणाचा नियम बसवताय. उद्या कुठे फुकटची गावं उठतील, चार वेळा उठतील, आणि पाचव्या वेळी खरं असेल तेव्हा कोणी उठणार नाही. आमच्याकडे हेच झालं."

"धरण फुटलं की नाही?"

"फुटलं."

"मग आकडा बरोबर होता. उत्तर बरोबर आलं म्हणजे गणित बरोबर, हे शाळेतलं पोरही सांगेल."

"चौथं पद रिकामं ठेवा. तिथे काहीच लिहू नका. माहीत नाही म्हणून ठेवा."

"सांधकात रिकामं पद ठेवायची सोय नाही," हुलसूरकर म्हणाले आणि गाडीत बसले. काच वर करता करता त्यांनी तिला सांगितलं, की असं पुन्हा कुठे बोललात तर खोटी नोंद केल्याबद्दल नोकरी जाईल, तुरुंगही होईल, आणि मी तुम्हाला कधी भेटलोच नव्हतो.

राहिला दिगंबर. दुसऱ्या पळणीच्या शेवटच्या सकाळी तो पाषाण धूत होता. गाव अजून जमायचं होतं. निमिषा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, मी आत गेलंय नाय."

"माका म्हायत आसा," पाषाणावर पाणी ओतत तो म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पाणंदीत तीनव दिस मी स्वतः बसलेलंय. मांजर आडवा गेला नाय."

"मगे तेव्हा कित्याक बोललंस नाय?"

"ओढ्याचा पाणी सकाळी मी पण बघितलंय. तुझ्या आधी." त्यानं तांब्या खाली ठेवला. "तांदूळ उजवे पडणार होते, निमू. हाताक कळता. घाडी काय सांगणार गावाक? देव जावा म्हणता, पण माका भय वाटता? तू वाट काढलंस. मी तिच्यान गेलंय."

"मगे आता सांग. आता काय भय?"

"आता सांगलंय तर बाटली नसलेली पळण मी बाटली म्हटलंय, ह्यां पण सांगूक लागात. पाषाणार हात ठेवन. घाडपण जायत. माझ्या मागसून माझ्या झिलाक कोण गाऱ्हाणा घालूक देतलो?"

"आणि माझा?"

दिगंबरनं कळशी उचलली. "तुझा काय? तू नोकरीवाली. बदली घे."

त्याला एक सणसणीत ठेवून द्यावी असं तिला वाटलं. ती लहान असताना यानंच तिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, हे आठवूनसुद्धा वाटलं. पण तोवर गाव जमायला लागलं होतं.

तांदूळ लागले. उजवा पडला. दिगंबर उभा राहिला, हात जोडले, डोळे मिटले, आणि त्याचा तो खणखणीत, बापाकडून आलेला आवाज बागेवरून फिरला.

"बा देवा गांगो म्हाराजा! उघड्यार दिस काढून ही तुझी लेकरां तुझ्या शिवेर उभी आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

"घरां गेली, गुरांचे मांगर गेले, पण एकाच्या जिवाक तू धक्को लागाक दिलंस नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्याच घरातल्या एका चेडवान तुझी शीव मोडली, आणि तेचो कोप तू धरणावर काढलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!"

एकटाच आवाज होता, आणि चिरका होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. गाऱ्हाण्यात नाय म्हणणारा माणूस नानेरणात जन्मला नव्हता. माना वळल्या. निमिषा गर्दीच्या कडेला उभी होती, तिच्या भोवती चार हात जागा मोकळी.

"मी शीव मोडलंय नाय. आत गेलंयच नाय. तुमी आत जावचा नाय म्हणान खोटा सांगलंय. पाण्यान माती खाल्ल्यान म्हणान धरण फुटला, माझ्यामुळा नाय. दादाक म्हायत आसा. इचारा तेका."

दूर एक वासरू हंबरलं. बाबल परबानं दिगंबरकडे पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं. दिगंबरचे डोळे मिटलेले होते. जोडलेले हात छातीशी होते आणि कपाळावर घाम फुटला होता. गाऱ्हाणं अर्ध्यात सोडता येत नाही, एवढं मात्र तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. त्यानं श्वास घेतला.

"आणि लाजेन, भियान तां चेडू आज आपली चूक नाय म्हणता, तीय चूक तू पोटात घाल रे म्हाराजा!"

मग बाबल परबाचा घोगरा आवाज आला, मग बायांचा, त्यात भावजयीचा, मग पोरांचा, आणि मग सगळ्या गावाचा.

"व्हय म्हाराजा!"

ढोल वाजला, दावी सुटली, आणि निमिषाच्या दोन्ही बाजूंनी गाव आत गेलं.